मुरुमच्या रानातलं कोकण

आमच्या मुरुम गावाहून समुद्र बैलगाडीनं निघालं तर महिनाभर लांब आहे, आणि मी मुरुमलाच समुद्रकाठचं घर बांधलं.

निजामाच्या अमलातली गोष्ट. माझी बायको कुमुद वेंगुर्ल्याची. (तिचे काका सोलापूरच्या गिरणीत होते, म्हणून ही सोयरीक जमली. एरवी आमच्या ज्वारीचा आणि त्यांच्या मासळीचा काय संबंध!) पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठं जावं कळेना. शेवटी माझे वडील, अप्पा, वैतागले.

"आरं, बाळंतपण तिचं हाय का तुजं? मळ्यात बैठं घर बांधायचंच हाय. तेवढं बांध, पण माज्या डोळ्यांपुढनं हाल!"

मी ठरवलं, कुमुद परत येईल ती थेट कोकणातल्या घरात! कोकण मी स्वतः पाहिलं होतं. लग्नात, चार दिवस. (त्यातले दोन, सुरमई न मानवल्यामुळं, परसात गेले.)

गफूर उस्ताद आमच्याकडचे नामी गवंडी. उभ्या जन्मात त्यांनी हातभर जाड भिंतींची, मातीच्या धाब्याची घरं बांधलेली. खिडकी म्हणजे मांजर जाईल एवढा झरोका. माझा नकाशा त्यांनी आधी उलटा पाहिला, मग सुलटा.

"मालक, इत्त्या खिडक्या कायकू?"

"समुद्राचा वारा यायला."

"और समुंदर किधर है?"

"वेंगुर्ल्याला."

उस्तादांनी आभाळाकडं पाहिलं आणि पाया खणायला घेतला.

सोलापुराहून मी मंगळुरी कौलं, पोतंभर शिंपले आणि एक जुनं मासे धरायचं जाळं आणलं. निजामाच्या हद्दीवर नाक्याच्या जमादारानं गाडी अडवली.

"ये जाल काहे के लिए? मछली?"

"न्हाय, घरात टांगायला."

"घर में मछली?"

"न्हाय हो, शोभेला!"

त्यानं सगळं पोतं उपसलं, शिंपला कानाला लावून पाहिला, आणि मला सोडून हळूच गाडीवानाला विचारलं, "इनकी तबीयत ठीक है ना?"

चार महिन्यांत घर उभं राहिलं. उतरतं छप्पर, चुन्यात नीळ कालवून रंगवलेल्या भिंती, त्यात बसवलेले शिंपले, पडवीत झोपाळा आणि अकरा खिडक्या! आमची म्हैस एका खिडकीतून मान घालून रोज पाहणी करून जाई. "हिला पसंत पडलं बग," अप्पा म्हणत.

ऐन वैशाखात कुमुदचे मामा तिला आणि बाळाला घेऊन येणार होते. सकाळपासून मी सात वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आलो. पडवीच्या आढ्याला जाळं तेवढं टांगायचं राहिलं होतं. अप्पा झोपाळ्यावर बसून सूचना देत होते.

"गाठ पक्की मार."

"मारली."

"म्या म्हन्तो, बग एकदा."

"मारली म्हणतो ना, अप्पा!"

तेवढ्यात वावटळ उठली. आमच्याकडची वावटळ धाब्याच्या घराला वळसा घालून जाते. इथं तिला अकरा दारं उघडी! शेजारच्या रानातला कडबा घेऊन ती पश्चिमेच्या खिडक्यांतून आत शिरली, घरभर फिरली आणि कडबा आमच्याकडंच ठेवून पूर्वेनं निघून गेली. शिंपले पटापटा गळले. जाळं सुटलं ते थेट अप्पांवर! ते सोडवायला जितकी झटापट करत तितके गुरफटत, आणि झोपाळा आपला जोरात हलतोच आहे! म्हशीनं मान घालून त्यांच्या मांडीवरचा कडबा खायला सुरुवात केली.

"आरं, हिला हाकल! आदी मला सोडीव! न्हाय, आदी हिला हाकल!"

आणि दारात गाडी थांबली. मामांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

"जावयबापू, मासो मोठो गावलो हा!"

कुमुदनं बाळ मामांकडं दिलं, पदर खोचला आणि सासऱ्यांना जाळ्यातून सोडवलं. (गाठी तिला येत होत्या.) मग घर पाहिलं. माझा जीव टांगणीला!

"तुझ्यासाठी," मी म्हणालो. "तुला समुद्राची आठवण येते ना?"

"अहो, तिथं खाऱ्या वाऱ्यानं विळीसुद्धा गंजते. पावसाळाभर अंथरूण ओलं. कधी एकदा तुमच्या त्या कोरड्या जाड भिंतींत येऊन निजते, असं झालं होतं मला!"

मी मटकन खाली बसलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच बसलो असेन. अप्पा मिशीतला कडबा काढत म्हणाले, "सूनबाई, येडं हाय, पर तुज्यापायी चार महिने उनात उभं व्हतं. तेवढं ध्यानात घे."

कुमुदनं माझ्याकडं पाहिलं आणि हसू दाबलं. "झोपाळा राहू द्या," ती म्हणाली. उस्तादांनी नऊ खिडक्या इतक्या आनंदानं बुजवल्या की विचारू नका!

पुढं बाजारात लोक आमच्या मळ्याकडं बोट दाखवून म्हणत, "वो देखो, बंदर का घर." माझी छाती फुगायची. वेंगुर्ल्याचं बंदर तसं हे आपलं! दोन वर्षं मी वळून सगळ्यांना रामराम घालत होतो. शेवटी कुमुदच म्हणाली, "अहो, त्यांच्या बोलीत बंदर म्हणजे माकड."

"आपल्या घरात माकड कुठाय?"

ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

आणि मी निजामाच्या शाळेत सात यत्ता उर्दूतून शिकलो होतो!