जिन्याखालची जागा

माझे मालक जिन्यावरून पडले तेव्हा मी खाली बसून लसूण सोलत होते. दुपारची वेळ. वरून आधी चप्पल आली, मागून ते आले. पायजमा ओला झाला होता. खुबा मोडला होता, पण पहिलं काय म्हणाले तर, "दार लाव जल्दी. लोक येतील." मी दार लावलं, मग आमच्या मुलाला फोन केला.

मुलानं जालन्यात हे रो-हाऊस घेतलं तेव्हा आम्ही दोघं गाव सोडून त्याच्याकडे आलो. रुंदी तेरा फूट. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, म्हणून उजेड फक्त पुढून आणि मागून. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, संडास-बाथरूम वर. मालकांचे गुडघे गेले तेव्हा खाली एक बाथरूम पाहिजे हे सगळ्यांना पटलं. कुठं, ते ठरेना.

पुढं करावं तर बैठकीची खिडकी बंद होते आणि मोटारसायकल रस्त्यावर येते. मागं करावं तर पाइप अख्ख्या घराखालून पुढच्या चेंबरपर्यंत आणायचा, आणि तेवढा ढाळ मिळत नव्हता. मिस्त्रीनं टेप लावून बघितलं. म्हणाला, "जिन्याखाली बसतंय बराबर. फक्त वाकून जावं लागंल."

"मी तसाबी वाकलेलाच हाय," मालक म्हणाले.

सगळे हसले. मी म्हणाले, "तिथं न्हाई."

जिन्याखालच्या भिंतीला बैठकीच्या बाजूनं एक फळी होती आणि फळीवर बुद्धाची मूर्ती. गावाहून येताना मी ती मांडीवर ठेवून आणली होती. तिच्या पाठीमागं संडास मला चालणार नव्हता.

सून शिक्षिका आहे, बदनापूरला जाऊन-येऊन करते. ती म्हणाली, "आई, दिशा-बिशा आपण मानत न्हाई ना? मंग हे काय नवीन?"

"दिशेचं न्हाई. लाजेचं हाय."

"मंग फळी समोरच्या भिंतीवर घेऊ."

"समोर टीव्ही हाय."

"टीव्ही हलवू."

"मी मेल्यावर हलवा," मी म्हणाले. असं बोललं की घरात पुढं कुणी बोलत नाही, हे मला माहीत होतं.

मिस्त्री दुसऱ्या कामाला गेला. पावसाळा गेला, थंडी गेली. मालक पाणी कमी प्यायला लागले. सकाळी एकदा वर जायचे, मग थेट संध्याकाळी, मुलगा आल्यावर त्याचा हात धरून. मधल्या वेळात चहासुद्धा नको म्हणायचे. "तोंडाची चव गेली का?" मी विचारलं, तर "हो" म्हणाले. मला कळत होतं. कळून मी गप्प होते.

पडले त्या दिवशी ऊन फार होतं. ते नको म्हणत होते, तरी मी बळंच दोन पेले ताक पाजलं. म्हणून दुपारी वर जावं लागलं.

खुब्याचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असतानाच मुलानं मिस्त्रीला बोलावलं. मला विचारलं नाही. मूर्ती मी उचलली, खिळे मुलानं ठोकले, फळी समोर लागली, टीव्ही स्टुलावर गेला. चहा उकळायला लागतो तेवढ्यात सगळं झालं. मूर्तीला काही फरक पडला नाही.

मालक घरी आले तेव्हा बाथरूम तयार होतं. कमोड होता, धरायला दांडा होता. पण त्यांना कमोडवर बसवेना. सगळं अंथरुणातच करावं लागलं. ते मीच केलं. एकदा म्हणाले, "मला दाखवा तरी." मुलानं खुर्चीत बसवून दारापर्यंत नेलं. आत बघून म्हणाले, "जागा पुष्कळ हाय की."

महिनाभरात छातीत कफ भरला आणि ते गेले.

ते बाथरूम आता मी वापरते. घरात आम्ही तिघं उरलो. मुलगा, सून आणि मी.