व्हिडिओतले व्रण

ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही, कारण ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

जामखेडच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तिथल्या एका मंगल कार्यालयात भर लग्नात लाईट गेली आणि नवरीच्या खोलीतून दागिन्यांची पिशवी नाहीशी झाली. तिच्या वडिलांच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल केला, तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. "सायब, लग्नाचं शूटिंग बघा. पिशवी घिऊन निघालेल्याच्या तोंडावर देवीचं वण हायत. आचारीच हाय त्यो!"

शूटिंग पाहिलं. कॅमेरा नवरीवर होता; तिच्या मागे उघड्या दारातून दिसणारी अंधारी खोली, पिशवी घेऊन दाराकडे वळलेला माणूस आणि गालभर खड्डे. आचाऱ्यालाही लहानपणी देवी आलेल्या. मग शंका कसली?

आचारी साठीचा होता. चौकशीत एकच सांगत राहिला, "मी चुलीपाशी हुतो, साहेब. नाव खराब झालं तर मला लग्नात सैपाकाला कोन बोलवील?" हवालदार म्हणाला, "जरा दम द्या, बोलंल." मी थांबलो. खोटं बोलणारा माणूस आपली हकिगत वाढवत नेतो. हा एका वाक्यापुढे जाईना. पण व्हिडिओ तरी खोटं कसा बोलेल? माझं डोकं चालेना.

पुन्हा व्हिडिओ लावला, थांबवत थांबवत. गालावरचा खड्डा पुढच्या चित्रात कपाळावर, त्याच्या पुढच्या चित्रात गायब! मग दिसलं, मागच्या भिंतीलाही देवी आलेल्या होत्या.

शूटिंगवाल्याला बोलावलं. "लाईट गेल्ती, म्हून आयएसओ लई वाढवला," तो म्हणाला. "त्यानं चित्र उजळतं, पर दाने येतात. ते कॅमेऱ्याचे, तोंडाचे न्हाईत." ठाण्याच्या खिडक्या लावून त्याने फिर्यादीचंच शूटिंग करून दाखवलं. नवरीच्या वडिलांचा गुळगुळीत चेहरा पडद्यावर खड्ड्यांनी भरून गेला.

"मग तो कोण?" त्यांनी विचारलं.

ते मला आजवर कळलेलं नाही. पिशवी सापडलीच नाही.

आचाऱ्याला सोडलं. त्याचा दोष नाही, हे मी स्वतः गावात जाऊन सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि त्याला स्वयंपाकाला बोलावणं बंद केलं. माझा संताप झाला, पण त्यावर कुठलं कलम लावणार?

कॅमेऱ्याला अंधारात फार ताणलं की तो नसलेलंही दाखवतो. त्या दिवशी आचाऱ्याला दम भरला असता, तर त्यानेही न केलेलं कबूल केलं असतं. तेव्हापासून कबुलीजबाब वाचताना मला धास्ती वाटू लागली.

पुढे त्या नवरीच्या डोहाळजेवणाचं मला आमंत्रण आलं. वडिलांशी भांडून तिने स्वयंपाकाला त्या आचाऱ्यालाच बोलावलं होतं. फुलांचे दागिने घालायची वेळ झाली, तशी तिने हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या आणि सगळ्यांदेखत चुलीपाशी गेली.

"मामा, एवढ्या सांभाळा."

त्याने आधी हात धोतराला पुसले, मग ओंजळ पुढे केली.