मुळासकट नेलेली विष्णुक्रांता

तारनाक्याच्या आमच्या अपार्टमेंटच्या कुंपणालगत मी विष्णुक्रांता लावली होती. तिला मुरमाड माती आणि भरपूर ऊन लागतं. रोपं वीतभर अंतरावर लावायची आणि माती सुकल्यावरच पाणी द्यायचं. दोन वर्षांत ती सगळीकडे सरपटली, निळ्या फुलांनी भरली.

विनायक चवितीच्या, म्हणजे इकडच्या गणेश चतुर्थीच्या, सकाळी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एकवीस पत्रींसाठी ती मुळासकट उपटली.

"पूजेला एक काडी पुरते," मी म्हणालो.

"देवालाच तर नेली ना भाऊ! गवतच ते, परत येतंय."

"मुळं तुमच्या चौरंगावर आहेत. येणार कुठून?"

"इतकं काय हो, एवढ्याशा झाडासाठी!"

कोपऱ्यात एकच रोप वाचलं होतं. ते मी माझ्या बाल्कनीतल्या कुंडीत हलवलं. पुढच्या चवितीला त्यांनी पत्री बाजारातून आणावी. माझी बेल वाजवू नये.