हवेतला गिअर

तुमच्या हाताला कधी एखाद्या वस्तूचं व्यंग पाठ झालंय का? इतकं, की वस्तू धड झाल्यावर हातच चुकावा?

आबांच्या हाताला झालं होतं. त्यांची हिरवी पिकअप जुन्या जमान्यातली. गिअरचा दांडा खाली पायाशी नाही, वर स्टेअरिंगच्या बगलेला. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीत आतलं बुश, म्हणजे दांड्याच्या सांध्यातलं कडं, झिजलं, पिनेचं भोक लांबोळकं झालं आणि दांडा लुळा पडला. पहिला गिअर हवा तर दांडा अंगाकडे घ्यायचा, थोडा वर उचलायचा, गोंजारायचा, मग खाली. हे लाड आबांनाच जमायचे. दुसऱ्या कुणी हात लावला की गाडी ढिम्म. आबा मिशीत हसायचे.

पण आता त्यांचेच हात थरथरू लागले.

त्यांचा धाकटा मुलगा म्हणाला, "ज्याला जमते त्यानं चालवू नये, आणि ज्यानं चालवावी त्याला जमत नाही. भंगारात घाला."

"तुला घालू का आधी?" थोरली लेक म्हणाली. ती गॅरेजातली मिस्त्रीण, जिभेवर कानस घेऊनच जन्मलेली. गाडी दुसऱ्या हाताला वळली तर घरात राहील, नाहीतर भंगारवाला नेईल, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी तिने दांडा उतरवला. गॅरेजच्या पत्र्याच्या भोकांतून ऊन गळत होतं, धूळ त्यात पोहत होती. दाराशी उभ्या गाडीच्या काचेत आभाळ साचलेलं, त्यातून एक ढग काही घाई नसल्यासारखा चाललेला. आबा जुन्या टायरवर बसून बघत होते. तिने भोक वेल्डिंगनं भरलं, नव्यानं गोल पाडलं, लेथवर पितळेचं बुश कातून बसवलं, ग्रीस भरलं. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला.

"माझ्या हाताची खूण पुसलीस गं."

"खूण कसली, दुखणं होतं ते. बसा, बघा तरी एकदा."

आबा स्टेअरिंगमागे बसले, डोळे मिटल्यासारखे. किल्ली फिरवली, क्लच दाबला. हात आपणहून निघाला: अंगाकडे, मग वर. पण धड दांड्याला वर म्हणजे रिव्हर्स. खट्‌कन बसला. पहिला गिअर पडला असं समजून आबांनी क्लच सोडला, आणि गाडी मागे निघाली, झोपेत कूस बदलावी तशी. पाण्याच्या पिंपाला टेकली. पिंप कलंडलं, अंगणभर पाणी पसरलं, आणि काचेतलं आभाळ आता चाकांखालीही आलं.

थोरलीने धावत जाऊन पिंप उभं केलं.

आबांनी त्या पाण्याकडे बघितलं. "गाडी शहाणी झाली," ते म्हणाले, "खोड माझ्यातच राहिली." मग उतरले नाहीत, शेजारच्या सीटवर सरकले. "ये. चालव."

"शिकवा मग."

"तुला काय शिकवू, कपाळ? रस्ता दाखवतो."

आता ती चालवते, आबा शेजारी. गाडी थांबून निघायची वेळ आली की त्यांचा हात हवेत जातो: अंगाकडे, जरासा वर, गोंजारतो, मग खाली. तो खाली येईस्तोवर ती थांबते, आणि मगच खरा गिअर टाकते. धाकटा म्हणतो, दोघंही कामातून गेली.

तेव्हा एवढं करा. सिग्नल सुटल्यावर पुढची हिरवी पिकअप क्षणभर रेंगाळली, तर मागून हॉर्न बडवू नका. तो हात खाली येऊ द्या.