समोरच्या अक्कांची वांगी

अमळनेरला आमच्या घरासमोर राहायला आलेल्या अक्कांचं नाव मी कधी विचारलं नाही. जळायला नाव कशाला लागतं? त्यांनी अंगणात विटा रचून खाटेएवढा उंच वाफा केला. लावण्याआधी महिनाभर त्या काड्या खोचत, उपटत, पुन्हा खोचत होत्या, जणू लग्नाच्या पंगतीत कोणाशेजारी कोण बसणार तेच ठरवत होत्या. शेवटी मधे वांगी, वांग्यांमधे कोथिंबीर आणि कडेने किडीला अडवायला झेंडूचा पहारा.

माझ्या वाफ्यात नुसती वांगी, तीही खेटून. हिवाळ्यात गल्लीला घरच्या वांग्यांचं भरीत खाऊ घालायचा मान वीस वर्षं माझा! यंदा माझ्या प्रत्येक वांग्यात अळी, तीही माझ्यापेक्षा धष्टपुष्ट. अक्कांच्या एकेका वांग्याच्या सावलीत मांजर झोपायचं.

शेवटी गुपचूप त्यांच्याकडूनच टोपलीभर मागून आणली आणि कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजली. पंगतीत कोणीतरी बोटं चाटत विचारलं, "वांगी कोणाची?"

"माझीच!" मी छाती फुगवली.

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि अहिराणीत माझीच री ओढली. "तुम्हनाच शेतस भाऊ. मी नुस्तं पानी टाकं."

गल्ली खो खो हसली. पुढच्या हिवाळ्याचं भरीत अक्कांच्या अंगणात, हे तिथंच ठरलं. मला कांदे चिरायला बोलावलंय.