छत्रीबागेतला हौद

खांडव्याला मोठी गाडी सोडून इंदूरच्या छोट्या गाडीत बसले, तेव्हाच ठरवलं होतं, अक्काला घेऊनच नाशिकला परतायचं. संधिवाताने जिला धड उभं राहता येत नव्हतं, तिने पत्रात लिहिलं होतं, 'रोज पाण्यात बसते, बरी होत चालले आहे.' असल्या उपचारांवर माझा काडीचा विश्वास नाही.

घाट चढून गाडी माळव्याच्या काळ्या सपाटीवर आली. मध्य भारत राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी टांगेवाला अजून होळकरांच्याच गोष्टी सांगत होता. घरी भावोजींनी स्वतः दाल-बाफले (उकडून, भाजून तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) वाढले. अक्का काठी टेकत दारापर्यंत आली, तेवढ्यानेच तिला धाप लागली. मग बरं काय झालं होतं?

सकाळी तिच्याबरोबर छत्रीबागेत गोदूबाईंकडे गेले. फौजेतल्या अधिकाऱ्याची ही विधवा घरामागच्या दगडी हौदात बायकांना बसवायची. बंबातलं कढत पाणी ओतून तिने हाताने अंदाज घेतला. अक्का कण्हत पायऱ्या उतरली. छातीपर्यंत पाणी आल्यावर तिने काठी माझ्याकडे दिली आणि चालू लागली. गुडघे उचलून, सरळ.

मी ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला.

"काय मिसळता यात?"

"कुछ नाही, ताईजी. सादं पानी आहे. भरोसा नसेल तर चाखून बघा."

मी खरंच चाखलं. पाणीच होतं.

"मग आजार बरा कसा होणार?"

"होणार नाही. पाण्यात अर्धा तास शरीराचा भार कमी होतो, शेकाने सांधे मोकळे होतात. बाहेर आल्यावर थोडा वेळ दुखणं कमी, बस. पहिल्याच दिवशी सांगितलंय मी अक्कांना."

मी अक्काकडे वळले. "मग पत्रात खोटं का लिहिलंस?"

ती चालायची थांबली नाही. "खरं लिहिलं असतं तर तू न्यायला आली असतीस. तिकडे मला पलंगावर ठेवाल, मायेने ठेवाल. इथे मी चालते गं."

चार दिवस राहून एकटीच निघाले. संशय घेऊन आले होते तो गोदूबाईंवर. लबाडी निघाली अक्काची, आणि तिच्यावर मला रागावता येईना. आजारी बहिणीला भेटून आले, एवढं ऐकून डब्यातल्या एका बाईंनी विचारलं, "बहिणीला गुण आला का?"

"येतो," मी म्हटलं. "रोज अर्धा तास."