भामाबाईच्या ओव्या

हर्सूलला पत्र्याच्या दोन खोल्यांत भामाबाई आणि तिची लेक सरिता राहायच्या. भामाबाईला बाबासाहेबांवरच्या दोनेकशे ओव्या तोंडपाठ, बऱ्याचशा तिनंच जुळवलेल्या. लिहिता येत नसल्यानं कागदावर एकही नव्हती. मे महिन्यात तिच्या घशात कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रच काढावं लागेल. ऑपरेशनला नऊ दिवस होते.

सरिता शाळेत कारकून. तिनं जुन्या लॅपटॉपला माइक जोडला. पण उन्हाळ्यात त्याचा पंखा असा घरघरायचा, की आईचा बसलेला आवाज त्यात बुडून जायचा. शेवटी तिनं पंख्याचा वेग हातानं ठरवता येणारं सॉफ्टवेअर नेटवरून उतरवून घेतलं. 'ऑटोमॅटिक'वरची खूण काढून वेग शून्यावर आणला. खोली चिडीचूप झाली.

"आता म्हण, माय."

लॅपटॉप तापू नये म्हणून दर ओवीनंतर ती पंखा पुन्हा सुरू करायची. सात दिवस असं चाललं.

"दमलीस का गं?"

"दमले तरी म्हणू दे. मंग कवा म्हणायचंय?"

आठव्या दिवशी ओवी चालू असतानाच भामाबाईला खोकल्याची उबळ आली आणि पदरावर रक्त पडलं. सरिता तिला घेऊन रिक्षानं दवाखान्यात धावली. लॅपटॉप तसाच गोधडीवर चालू राहिला, पंखा शून्यावर.

ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी सरिता एकटीच घरी आली, तर लॅपटॉप चालूच होईना. दुरुस्तीवाल्या सोमनाथनं तो खोलून पाहिला.

"ताई, पंखा बंद ठेवून चालवला व्हता का? बोर्ड जळालंय. मेमरी त्याच्यावरच बसवलेली. कायच निघणार नाय."

"एखादी तरी?"

"नाय ताई."

सगळ्या ओव्या झाल्यावर एकदमच पेनड्राइव्हवर टाकू, असं तिनं ठरवलं होतं.

दवाखान्यात भामाबाई कानाकडं बोट करून ओव्या मागायची. "घरी गेल्यावर ऐकवते," सरिता म्हणायची. तिला घरी आणल्यावर मात्र खरं सांगावं लागलं. भामाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन दिवस ती लेकीकडं बघेना.

तिसऱ्या दिवशी तिनं बाजेवर थाप मारून लेकीला जवळ बोलावलं आणि तिच्या ओठांवर बोट टेकवून 'तू म्हण' अशी खूण केली. सरिता आठवतील तशा ओव्या म्हणू लागली. शब्द चुकला की भामाबाई हात हलवायची, बरोबर शब्द ओठांनी सांगू पाहायची. सरिताला तो कळायचा नाही. एकदा एकाच शब्दासाठी अर्धा तास गेला. भामाबाईनं रागानं स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं आणि ती आवाज न करता रडली.

दिवाळीपर्यंत वहीत एकतीस ओव्या आल्या, त्यातल्या निम्म्या अपुऱ्या. फेब्रुवारीत भामाबाई गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या बाया म्हणाल्या, "तिची एखादी म्हण की, सरिता." तिनं वही उघडून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीची जागा कोरी होती. बाया वाट बघत राहिल्या. सरितानं वही मिटून मांडीवर ठेवली.